रोलांदबाईंच्या हातची घडी

रोलांद गोद्रोबाईंचा या जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. पाववाल्यावर नाही, टपालवाल्यावर नाही, आणि टीव्हीवर उद्या बर्फ पडणार म्हणून सांगते त्या लालओठ्या मुलीवर तर नाहीच नाही. "एवढं हसत हसत सांगते, म्हणजे काहीतरी लपवतेय," असं बाईंचं म्हणणं.

तसा त्यांचा दोष नाही म्हणा. वयाच्या सतराव्या वर्षापासून पंचेचाळीस वर्षं त्यांनी लिमवालू या फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढली. खोकल्याचं औषध कोण खोकल्यासाठी नेतं आणि कोण कशासाठी, हे ज्या बाईला नुसतं बघून कळतं, तिनं माणसांवर विश्वास कुठून ठेवायचा? दुकानाचा मालक त्यांच्याहून वरचढ. त्याचा गोळ्यांवरच विश्वास नव्हता. मरेपर्यंत त्यानं औषधाच्या पुड्या विकल्या, आणि त्या पुड्या बांधायच्या रोलांदनं. दिवसाला दोनशे. लग्नबिग्न केलं नाही. विचारलं कुणी तर म्हणायच्या, "सगळ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या ना मी."

तर अशा या बाई बासष्टाव्या वर्षी घरी बसल्या आणि सहा महिन्यांत भुताच्या धंद्यात शिरल्या.

झालं असं की वरच्या मजल्यावर तेव्हा एलोई कास्तोंगे नावाचा एक लांबलचक पोरगा राहायचा. भीतीचे गेम करणाऱ्या एका कंपनीत गोष्टी लिहायचा. एकदा तळघरात कपडे धुवायला गेला, तर यंत्रावर बाईंच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली. शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारून मारून घडवलेलं ते अक्षर, काय विचारता! "माझा साबण ज्याने वापरला त्याला मी ओळखते. त्याच्या सदऱ्याला माझ्या साबणाचा वास येतो. जिन्यात माझ्या पुढे चालू नये."

साबण एलोईनंच वापरला होता. तीन दिवस तो जिना उतरला नाही. चौथ्या दिवशी दार वाजवून म्हणाला, "मातांत, तू आमच्यासाठी लिहिशील का?"

मातांत म्हणजे मावशी. इकडे आत्यालाही तेच म्हणतात, त्यामुळे भांडण नाही. पुढे अख्ख्या कंपनीत बाई मातांतच झाल्या.

गेमचं नाव 'माँ-ग्री'. डोंगरावरचं जुनं क्षयाचं इस्पितळ, सिस्टरांनी चालवलेलं. एका हिवाळ्यात तिथे एकवीस रोगी एकामागून एक गेले. खेळणाऱ्यानं हातात कंदील घेऊन त्या ओसाड खोल्यांतून फिरायचं. भुतं असतातच, पण खरी गंमत कागदांची. गादीखाली, घड्याळाच्या पोटात, बाहुलीच्या फाटक्या पाठीत कुठे कुठे कागद लपवलेले. पत्रं, निरोप, वहीची पानं. नुसता पळत सुटलात तर भूत दिसतं. ते भूत का झालं हे कळायला कागदच शोधावे लागतात. तीन गेम येऊन गेले, दीडशे कागद झाले, आणि त्या एकवीस जणांना कुणी मारलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तर होतं चौथ्यात.

ते सगळे कागद रोलांदबाईंनी आपल्या हातानं लिहिले. अकरा माणसं, अकरा अक्षरं. आजारी पोरीचं पत्र डाव्या हातानं. दारुड्या माळ्याचं गुडघ्यावर कागद ठेवून. आगगाडीत बसून लिहिलेलं पत्र हवं होतं, तर बाई चालू धुण्याच्या यंत्रावर चढून बसल्या. मग कागद चहात बुडवायचा, भट्टीत मंद शेकायचा, स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमट्यानं लटकवायचा, वाळला की घडी घालून कंपनीत पाठवायचा. खेळणाऱ्याला पडद्यावर तो तसाच दिसायचा, घड्या उलगडत.

मजकूर यायचा बंद पाकिटातून, उलटसुलट क्रमानं. खुनी कोण हे बाईंनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा संशय पाद्र्यावर. "इतकं स्वच्छ अक्षर असलेल्या माणसाच्या मनात काहीतरी घाण असणारच," म्हणायच्या. अक्षर त्यांनीच काढलेलं, पण संशय तो संशय.

आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी कंपनीची मार्जोलेन पेल्शा दारात उभी राहिली. ही सगळ्या कामावर देखरेख ठेवणारी. बूट न काढताच उभी राहिली, तेव्हाच बाई सावध झाल्या. या गावात हिवाळ्यात बूट न काढता जो आत येतो, तो चांगली बातमी घेऊन येत नाही.

"मातांत, चौथ्या गेमच्या खुन्याचं नाव इंटरनेटवर फिरतंय. कुणी फोडलं ते कळत नाही."

"कोण आहे?"

"तेच मी तुला विचारतेय. कोण आहे, ते कुणाला सांगितलंस?"

"मला कुठे माहिताय? पाद्री ना?"

मार्जोलेननं डोळे बारीक केले. "सिस्टर लेओकादी. दवाखान्यात पुड्या देणारी."

"म्हणजे पाद्री नाही?" बाई एकदम खुर्चीवर बसल्या.

"नाटक चांगलं करतेस."

"अगं, तिच्या तोंडी तर तीन गेम मिळून चार ओळी आहेत! सालस बाई ती!"

"हे कंपनीत तिघांना माहीत होतं. तिघंही शपथेवर नाही म्हणतात. आणि कागद बाहेर येतात ते एकाच घरात." मार्जोलेनची नजर स्वयंपाकघरातल्या दोरीवर गेली. "इथं कोण कोण येतं?"

"कुणी नाही."

हे बाई खोटं बोलल्या. मार्जोलेनला कळलंही असणार. टेबलावर रमीचा डाव मांडलेला होता, दोघांचा.

मार्जोलेननं राहिलेली पाकिटं पिशवीत भरली. "कुठून फुटलं ते कळेपर्यंत काम बंद. नाही कळलं तर कायमचं. एलोईला सांगितलंय मी, दुसरं कुणीतरी बघ."

दुसरं कुणीतरी! अकरा माणसांचे हात घेऊन बसलेल्या बाईला म्हणे दुसरं कुणीतरी! बाईंना चोर ठरवलं याचं दुःख झालं, पण ती आजारी पोर आता भलत्याच कुणाच्या हातानं लिहिणार, ते जास्त लागलं.

मार्जोलेन पायऱ्या उतरेपर्यंत बाईंनी चोर पक्का केलेला होता. फेर्नां ब्युसियेर. खालच्या मजल्यावरचा म्हातारा, बर्फ उपसणाऱ्या गाडीचा निवृत्त ड्रायव्हर. सहा वर्षं दर गुरुवारी दुपारी रमी खेळायला येतो, साखरेचा पाय, म्हणजे इकडचा भट्टीत भाजलेला गोड सारणाचा पदार्थ, खातो, हरतो आणि जातो. बसतो तो बरोबर दोरीसमोर! आणि त्याची नात त्रवा-रिव्हिएरला हेच गेम खेळते. आता याहून जास्त पुरावा काय पाहिजे?

सापळा लावला बाईंनी. एक जुनं कार्ड घेऊन माँ-ग्रीतल्या डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं, "माझ्या जुळ्या भावाबद्दल कुणालाही कळता कामा नये." चहात बुडवलं, शेकलं, अगदी फेर्नांच्या नाकासमोर लटकवलं. असला भाऊबिऊ गेममध्ये कुठेच नव्हता. ही बातमी बाहेर आली की चोर सापडला.

गुरुवारी फेर्नां आला. बाहेर उणे बावीस, आत शेगडी पेटलेली. आल्या आल्या त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. नेहमीसारखा काढून त्यानं खिशात टाकला आणि बसला. साळसूद! खेळला, हरला, दोन तुकडे खाऊन गेला.

आठवडाभर बाई रोज एलोईला फोन करत होत्या. "जुळ्या भावाबद्दल काही ऐकलंस?"

"कुणाच्या?"

"सहज विचारलं."

"मातांत, तू बरी आहेस ना?"

जुळा भाऊ काही बाहेर आला नाही. दुसऱ्या कुणाला हे पुरलं असतं. बाईंनी अर्थ काढला की फेर्नां हुशार झालाय. पुढच्या गुरुवारी त्यानं पत्ते पिसायला घेतले, तेव्हा बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"नातीला काय काय सांगता हो तुम्ही?"

"कशाबद्दल?"

"खुनी फुटलाय इंटरनेटवर! समोर बघा. दोरीवर काय लिहिलंय?"

फेर्नांनं मान वर केली, डोळे बारीक केले. "कापड आहे का ते?"

"फेर्नां!"

"अहो, मला काय दिसतंय? चष्मा खिशात आहे."

"मग लावत का नाही? वाफ काय तीन तास राहते?"

फेर्नांनं खिशातला चष्मा चाचपला. "तुम्हीच म्हणाला होतात ना रोलांद. पहिल्याच गुरुवारी. या घरात बसायचं तर दोरीकडे बघायचं नाही. मी म्हटलं, बघितलं तर वाचलं जाईल. त्यापेक्षा लावायचाच नाही." त्यानं पत्ते खाली ठेवले. "सहा वर्षं मला इस्पिक आणि किलवर सारखेच दिसतायत."

आता बोला. बाई आजवर याला मठ्ठ समजत होत्या.

त्या काही बोलायच्या आत फेर्नांनं टोपी घातली. पायचा तुकडा बशीत तसाच राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून एक जाड पाकीट सरकलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, "नातीला विचारलं, लोकांना खुनी कसा कळला. तिनं हे पाठवलंय. मी वाचलेलं नाही. फे."

आत छापलेली पानं होती. मनितोबातल्या कुणा बाईनं माँ-ग्रीचे दीडशेच्या दीडशे कागद शेजारी शेजारी मांडले होते, आणि अक्षरावर नाही, कागदांच्या घड्यांवर लाल रेघा मारल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "लिहिणारे अकरा आहेत, पण घडी घालणारा हात एकच. लांबीत तीन पट्ट्या, दोन्ही टोकं आत, आणि एक कोपरा दुसऱ्यात खोचलेला. पत्राची घडी अशी कुणी घालत नाही. माझ्या आजोबांच्या दुकानात औषधाची पुडी अशी बांधत. सगळ्या मेलेल्यांचे कागद एका पुड्या बांधणाऱ्याच्या हातून गेलेत. माँ-ग्रीत पुड्या कोण बांधायचं?"

बाईंनी टेबलावरचं दुधाचं बिल उचललं. तिकडे न बघता घडी घातली. मग बघितलं.

पुडी.

अकरा अक्षरं बदलली, शाई बदलली, यंत्रावर चढून बसल्या, आणि घडी घालताना हात आपला सतरा वर्षांच्या पोरीसारखा काउंटरवर गेला होता! कुणी काही फोडलंच नव्हतं. फोडलं होतं बाईंच्या बोटांनी. आणि हे मार्जोलेनला सांगायचं, तर चोर नाही म्हणून सुटका, पण गाढव म्हणून नोंद. गप्प बसलं तर काम कायमचं बंद, आणि रमीला येणाऱ्यावर संशय कायमचा. बाईंनी कोट घातला.

कंपनी एका जुन्या बुटांच्या कारखान्यात आहे. मार्जोलेन आणि एलोई दोघंही काचेच्या खोलीत होते. बाई नमस्कार-चमत्कार न करता आत शिरल्या आणि म्हणाल्या, "एक कागद द्या."

दिला. बाईंनी पुडी बांधून मार्जोलेनपुढे ठेवली, शेजारी लाल रेघांचं पान. "चोरी झालेली नाही. चूक झालीय, आणि ती माझी. दीडशे वेळा."

मार्जोलेननं पुडी उलटसुलट करून बघितली, पान बघितलं, पुन्हा पुडी. "पण मग," ती हळूच म्हणाली, "त्या बाईचा अंदाज इतका बरोबर कसा निघाला? घड्या तुझ्या. खुनी आम्ही ठरवलेली. दोन्ही एकच कसं?"

आता एलोईचे कान लाल झाले. लांब माणसाचे कान लाल झाले की लांबूनही दिसतात.

"एलोई," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघ."

"मातांत, रागावू नकोस. दुसऱ्या गेमच्या वेळी मी तुझ्याकडे बसलो होतो. तू बोलता बोलता घड्या घालत होतीस. विचारलं तर म्हणालीस, पंचेचाळीस वर्षं पुड्या बांधल्या. आणि तुझं ते सगळ्यांकडे बघणं... मला वाटलं, ही जर..."

"म्हणजे त्या एकवीस जणांना मी मारलं?"

"गोष्टीत, मातांत!"

"माझ्या हातचा पाय खाऊन?"

"खातानाच सुचलं."

मार्जोलेननं हसू दाबलं. मग कपाळाला हात लावला. "पण करायचं काय? सगळ्या जगाला कळलंय. बदलायला आता वेळ नाही."

"शेवटचा कागद कोणता आहे?" बाईंनी विचारलं.

"लेओकादीची कबुली," एलोई म्हणाला. "अजून लिहून घ्यायचीय."

"आण."

बाईंनी तिथेच बसून लिहिली. कुणाचं अक्षर काढलं नाही. आपलंच, पट्टीनं घडवलेलं. मग कागद सरळ मधोमध दुमडला. एकच घडी.

"अगं, पुडी कुठेय?" मार्जोलेन म्हणाली. "हा तर तिचाच कागद. यावर तर हवीच!"

"म्हणून नाही घातली. आता ती मनितोबावाली हे बघेल आणि म्हणेल, या कागदाला ती घडी नाही. मग कबुली खरी का कुणी लिहून ठेवलेली? बसू दे शोधत." बाईंनी कोटाची बटणं लावली. "माझा तर अजून पाद्र्यावरच संशय आहे."

पिशवीतली पाकिटं मार्जोलेननं स्वतः त्यांच्या हातात दिली. तरी जाताना बाईंनी मोजून घेतली.

गुरुवारी दुपारी बाई पहिल्यांदाच खाली फेर्नांच्या दाराशी गेल्या. साखर-सायीच्या वड्या केल्या होत्या, बटरपेपरमध्ये बांधून. माफी मागायचं वळण त्या जिभेला नाही, म्हणून नुसताच हात पुढे केला.

फेर्नांच्या नाकावर चष्मा होता. त्यानं बांधलेला कागद बघितला. लांबीत तीन पट्ट्या, दोन्ही टोकं आत, एक कोपरा खोचलेला.

"नातीनं सगळं सांगितलंय मला," तो म्हणाला. "आधी तुम्ही खा."

बाईंनी एक खाल्ली. फेर्नांनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अजून एक."

बाईंनी दुसरीही खाल्ली. मग त्यानं दार पुरतं उघडलं, एक वडी तोंडात टाकली आणि चष्मा न काढता पत्ते वाटायला बसला. सहाही डाव तो जिंकला, आणि रोलांदबाई संपूर्ण वेळ त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांकडे बघत होत्या.