मनाच्या डॉक्टरची माय

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात भीमराज रुजू झाला तेव्हा लोक त्याला ‘येड्यांचा डाक्तर’ म्हणत. सुई नाही, गोळी नाही, नुसतं बोलणं. असल्या डॉक्टरला कोण विचारतंय? पण परदेशात निघालेली एक नवी रीत तो बंगळूरहून शिकून आला होता. मनात घोळणारा विचार पेशंटच्याच तोंडून काढायचा, खरा की खोटा ते त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं, आणि भीती वाटते तिथंच हळूहळू पाऊल टाकायला लावायचं. अपघातानंतर गाडीला हात न लावणारा हुमनाबादचा लॉरीवाला चनमल्लप्पा या रीतीनं पुन्हा हैदराबादच्या खेपा करू लागला, तसं भीमराजचं नाव झालं. बाहेर नाव, आणि घरात? घरात सगळा आनंदच.

त्याची माय कोंडाबाई बसवकल्याणजवळच्या खेड्यातून नात सांभाळायला आली होती. पण तिनं नातीला एकदाही उचललं नव्हतं. पाळण्याजवळ जायची आणि पदर सावरत मागं सरायची. बसली की उठायची, उठली की अंगणात येरझाऱ्या घालायची. सुनेची, शोभाची, शाळेतली रजा संपत आली होती. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं?

“आत्याबाई, माझं काय चुकलं का?” शोभा रडकुंडीला येऊन म्हणाली.

“तुझं न्हाई गं, माय,” कोंडाबाई म्हणाली आणि पुन्हा अंगणात गेली.

भीमराजला कारण ठाऊक होतं, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बापानं घरातले देव ओढ्यात सोडले होते. पुढच्याच उन्हाळ्यात भीमराजची धाकटी बहीण तापानं गेली. माय मरीआईच्या कोपाला भिते, झालं. म्हणून तो रोज जेवताना सुरू करायचा. देवी नसते, कोप नसतो, ओढ्यातला धातू कुणाला मारत नाही.

“व्हय बाबा, खरं हाय,” कोंडाबाई म्हणायची आणि ताटावरून उठायची. भीमराजचं डोकं फिरायचं. परक्यांना प्रश्न विचारणारा हा शहाणा आईला मात्र भाषण ठोकत होता.

शेवटी शोभाच वैतागली. “पेशंटला विचारताव तसं आत्याबाईंना एकदा तरी विचारलाव का?”

त्यानं विचारलं. “माय, लेकराजवळ गेलीस की मनात काय येतंय?”

कोंडाबाईनं पाळण्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “मी देवीला भ्यायले न्हाई, भीम्या. तुझी बहीण तापली तवा बापाच्या चोरून मी मरीआईला नारळ फोडून आले. देव पुजनार न्हाई म्हनून बावीस प्रतिज्ञा घेतल्या हुत्या मी, पोर कडेवर घेऊन. शब्द मोडला अन् पोर गेली. त्याच हातानं हिला कशी घेऊ?”

भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय जिला भीतच नव्हती त्या देवीशी तो इतके दिवस भांडत बसला होता.

“त्या उन्हाळ्यात गावातली आनि कुनाची लेकरं गेली?” त्यानं विचारलं.

“माणिकप्पाचं गेलं. हरिबाचं. लक्ष्मम्माची दोन.”

“त्यांनी कुनाचा शब्द मोडला हुता?”

“कुनाचाबी न्हाई. तरी भ्या जाईना रे.”

“राहू दे भ्या. भ्या घिऊनच घे लेकराला.”

तिनं घेतलं. लगेच परत दिलं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त वेळ घेतलं. असं होता होता शोभा पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली.

आणि लेकराला ताप आला. शेजारच्यांनी दवाखान्यात निरोप धाडला. भीमराज सायकलवर बसला आणि त्याची सगळी विद्या वाटेतच गळून पडली. आता माय पोरीला जन्मात हात लावायची नाही, हेच एक डोक्यात.

कोंडाबाई दारातच बसली होती. नात मांडीवर, कपाळावर ओली पट्टी. म्हातारी अंगभर कापत होती.

“दे इकडं, माय.” त्यानं हात पुढं केले.

तिनं लेकरू आणखी जवळ घेतलं. “बोलनारा डाक्तर नगं आता. सुईवाल्याला आन जा. मी हाय हिच्यापाशी.”