मामांची शंभर पावलं

जेवताना माणसाच्या पोटात अन्नाबरोबर हवा जाऊ नये, या एकाच कार्यासाठी जन्माला आलेला मनुष्य उभ्या भारतात एकच असणार, आणि तो नेमका माझा मामेसासरा असावा, हे माझं नशीब! देश स्वतंत्र झाला, पुण्यातल्या सायकली जाऊन स्कूटरी आल्या, पेठांमध्ये मजल्यांवर मजले चढले; हिच्या मामांचं लक्ष मात्र समोरचा माणूस घास चावतो की गिळतो, यावरून कधी हललं नाही.

आणि गिळणाऱ्यांत माझा पहिला नंबर. माझं सगळं शिक्षण सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीच्या जिवावर झालं. तिथे पोळ्यांची टोपली पंगतीतून दोनदाच फिरायची. ती दुसऱ्यांदा येईपर्यंत ताटातली पोळी संपलेली नसली, तर वाढपी ‘यांना पुरे’ म्हणून सरळ पुढे जायचा. चार वर्षांत मला पदवी मिळाली आणि चावायची सवय गेली. पुढे सरकारी कचेरीत चिकटलो, तर दुपारच्या डब्यानंतर पोट असं तट्ट फुगायचं, की टेबलाचा खण उघडायला खुर्ची हातभर मागे घ्यावी लागे. साहेबांनी बोलावलं, की पँटचं वरचं बटण काढलेल्या जागी फाईल धरून मी वाकून उभा राहायचो. माणूस फार अदबशीर आहे, असा साहेबांचा अखेरपर्यंत समज होता.

मी मुलगी बघायला गेलो तो शनिवार पेठेत, मामांच्या घरी. हिचे वडील लवकर गेलेले, मामा-मामींनीच हिला वाढवलेलं, तेव्हा होकार-नकार मामांच्या हातात. मी बशीभर पोहे सहा चमच्यांत संपवले, तांब्या उचलून वरून घटाघटा पाणी ओतलं आणि भर बैठकीत खणखणीत ढेकर दिला. माझ्या आईने डोळे मिटून घेतले. मामांनी नोकरी कायम आहे का, भावंडं किती, काही विचारलं नाही. म्हणाले, “पोहे चावलेत का हो?”

“छान झाले होते,” मी म्हटलं.

“ते मला ठाऊक आहे. चावलेत का?”

आठवड्याने होकार आला तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटलं. मध्यस्थाने मामांचं मत शब्दशः सांगितलं: “मुलगा बरा आहे. हवा गिळतो, पण दुरुस्त होण्यासारखा आहे.”

ती दुरुस्ती लग्नाच्या दिवशीच सुरू झाली. आहेर म्हणून मामांनी मला स्टीलचं एक फुलपात्र दिलं. त्यावर माझं नाव घातलेलं आणि नावाखाली आणखी एक शब्द: ‘सावकाश’. वरून ओतलेल्या पाण्याबरोबर निम्मी हवाच पोटात जाते, म्हणून भांड्याला तोंड लावून घोट घोट प्यावं; आणि उष्ट्याचा प्रश्न नको म्हणून ज्याचं भांडं त्याला, असा त्यांचा हिशेब. मामांचे नियम तसे साधेच होते. जेवताना बोलायचं नाही. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. छोले-राजमा रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं आणि फोडणीत हिंग घालताना हात आखडायचा नाही. दोन घासांची भूक ठेवून उठायचं, ताकात ओवा-जिऱ्याची पूड घालायची. हे तुमच्या-माझ्या आईनेही सांगितलेलं असतं, पण मामा ते पाळायचे! लग्नाच्या पंगतीत कुणी जिलबीचा आग्रह करायला आलं, की ते ताटावर दोन्ही हात पालथे धरून डोळे मिटून बसत, आणि वाढपी कंटाळून पुढे गेला की मगच उघडत. जेवणानंतर मांडवातच वज्रासन. एकदा कोपऱ्यात असे बसलेले पाहून वधूपक्षाच्या चार बायका त्यांच्या पाया पडून गेल्या. मामांनी चौघींना एकच आशीर्वाद दिला, “चावून खा.”

एकदा मी पोट हलकं करायला कोपऱ्यावरच्या दुकानात सोडा पीत उभा होतो, तर मागून आवाज आला, “वारा काढायला वाराच पिताय? शाबास!” दुसऱ्या वेळी तर शनिवार पेठेतच, चोरून मिसळ खाताना सापडलो. मामा समोरच्या टेबलाशी येऊन बसले. जेवणाऱ्याशी बोलायचं नाही हा त्यांचाच नियम, म्हणून माझा शेवटचा घास उतरेपर्यंत ते नुसते बघत राहिले. तेवढी सावकाश मिसळ मी जन्मात खाल्ली नसेल. मग उठले आणि म्हणाले, “चला, जावईबापू. शंभर.”

शंभर म्हणजे शतपावली. ती मामा मोठ्याने मोजत, आणि शंभर म्हणजे शंभरच. वाटेत कुणी भेटलं तरी पाऊल थांबत नसे आणि आकडाही. “काय मामा, बरे आहात ना?” “एकेचाळीस, बरा आहे, बेचाळीस.” “मुलाचा निकाल लागला, पास झाला!” “अठ्ठावन्न, अभिनंदन, एकोणसाठ.” त्या दिवशी भर उन्हात मी मिसळ पोटात घेऊन त्यांच्यामागून चालत होतो आणि अख्खी पेठ माझ्याकडे बघत होती. एवढं होऊन मी सुधारलो का? छे! त्यांच्यासमोर चावायचो, त्यांची पाठ वळली की गिळायचो.

अशा माणसाच्या आतड्याला, वयाच्या सत्तरीत, पीळ पडला. पोट फुगलेलं माझं बघायची सवय. मामांचं तसं झालेलं बघितलं आणि मी तसाच रिक्षा आणायला धावलो. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “आता वारा सरला पाहिजे. तो सरला की आतडं चालू झालं असं समजायचं. तोवर पाण्याचा थेंबसुद्धा नाही.” दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी पोट वाजवून बघितलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, “संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर परत उघडावं लागेल. या वयात ते झेपेल असं मी सांगत नाही.”

ज्या गोष्टीविरुद्ध मामा जन्मभर लढले, तिच्यासाठी त्या दिवशी सगळं घर देव पाण्यात घालून बसलं होतं. मामी दर पाच मिनिटांनी दारातून डोकावायच्या, “झालं का?” ही कॉरिडॉरमध्ये डोळे पुसत उभी. आमच्या ओळखीचा प्रत्येक माणूस येऊन फळांऐवजी हाच प्रश्न हातात ठेवत होता. सिस्टर म्हणाल्या, “जमेल तेवढं चालवा त्यांना.”

मी मामांना उठवलं. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पोटावर. किती हलके झाले होते ते! चारपाच पावलं गेलो आणि ते पुटपुटले, “मोजा. मला दम नाही.”

मी मोजायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा आकडे माझ्याकडे आले होते. तिसाला थांबलो, श्वास घेतला. पन्नासाला त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले, मला वाटलं, संपलं. पण पुन्हा चालले. “एकाहत्तर. बाहत्तर. त्र्याहत्तर.” आणि मामा थबकले. मग तो आवाज झाला. चांगला मोठा झाला. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटने मान उचलून पाहिलं. मामांनी मात्र नजर भिंतीकडे वळवली. इतके शरमलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. दारात मामींनी हात जोडले आणि मटकन स्टुलावर बसल्या. मी तिथेच, भर वॉर्डात, हसतही होतो आणि ढसाढसा रडतही होतो.

“जावईबापू,” मामा दरडावून म्हणाले, “थांबलात का? चौऱ्याहत्तर!”

शंभर पुरी झाली. दुपारी डॉक्टरांनी पाण्याला परवानगी दिली. हिने घाईघाईत घरून माझंच फुलपात्र आणलं होतं. मामांनी ते तोंडाला लावण्याआधी फिरवून वाचलं, “सावकाश,” आणि माझ्याकडे बघून मिश्कील हसले. एक घोट घ्यायला त्यांनी पुरतं मिनिट लावलं असेल.

त्यानंतर मामा आम्हाला आणखी सहा वर्षं लाभले. ते गेले त्यालाही आता बराच काळ झाला. आम्ही कर्वेनगरला राहायला आलो. मी अजून भराभर जेवतो, अजून फुगतो, आणि आता तर काढलेल्या बटणालाही वयाचा मान म्हणून कुणी काही बोलत नाही. पण जेवण झालं की सोसायटीच्या आवारात शंभर पावलं चुकवत नाही. कुणी हाक मारली, तर आकड्यांच्या मधूनच उत्तर देतो. लोक म्हातारा चक्रम आहे म्हणतात, म्हणोत. फक्त त्र्याहत्तरला पाय आपोआप थांबतात. मी जरा वाट बघतो. कुणी दरडावत नाही. मग मीच स्वतःला मोठ्याने सांगतो, “चौऱ्याहत्तर.”