मागचे पाटे

संप मिटला असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. गिरणीचा भोंगा काही परत वाजला नाही, आणि बाबा टॅक्सी चालवायला लागले. लालबागच्या आमच्या खोलीतली चूल त्या एका गाडीवर पेटायची.

थोरल्या भावाला त्या गाडीत भलतंच काही दिसायचं. शहराबाहेरच्या एका बंद धावपट्टीवर रविवारी सकाळी ड्रॅग रेस व्हायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ पाव मैल, आधी पोचेल तो जिंकला. रेसच्या गाड्या बांधणारे गॅरेजवाले तिथे यायचे. त्यातल्या एखाद्याने आपल्याला कामाला घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. टॅक्सी घेऊन रेसला जाणारा अख्ख्या मुंबईत हाच एक शहाणा! मी तोंडावर सांगायचे, "मीटर टाकून पळव, भाडं तरी मिळेल."

अडचण मागच्या पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची होती. क्लच सोडला की गाडीचा मागचा भाग उड्या मारायचा आणि चाकं जागच्या जागी फिरायची. नायगावच्या मिस्त्रीने सरळ सांगितलं. पाटे नरम ठेवले तर रस्त्यावर आराम, रेसमध्ये बोंब. एकेक पाटा वाढवून कडक शॉकअप टाकले तर गाडी सुटेल, पण रोज चालवणाऱ्याच्या कमरेची वाट लागेल. "दोन्ही नाय होणार. धंदा की रेस, ठरव."

भावाने घरी येऊन बाबांनाच विचारलं. आई मोरीतून ओरडली, "मेल्या, बापाची हाडं खिळखिळी करशील!"

"बसव रे," बाबा म्हणाले. "मी बघतो."

गिरणीत बाबांच्या खात्यात एका साच्यावर, म्हणजे मागावर, पाळीपाळीने माणसं राबायची. आधीच्या पाळीवाल्याने साचा जसा लावलाय तसाच चालवायचा, कुरकुर करायची नाही, ही तिथली रीत. तीच त्यांनी टॅक्सीला लावली. रविवारची पाळी पोराची, बाकीच्या आपल्या. अहो, गिरणी गेली, खातं गेलं, आणि रीत तेवढी धरून बसले! आजही आठवलं की माझं डोकं सणकतं.

परळच्या खड्ड्यांतून ते तशीच गाडी हाकत राहिले. घरी आले की भिंतीला पाठ टेकून बसायचे. कंबर दुखते का विचारलं तर म्हणायचे, "छे गं. वय झालं." भाऊ ते खरं मानायचा, कारण त्याला तेच सोयीचं होतं. एवढं करून तो एकही रेस जिंकला नाही. पाटे कडक झाले, इंजिन म्हातारं ते म्हातारंच. गॅरेजवाले त्याच्याशी हसून बोलायचे आणि दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन जायचे.

एका सकाळी बाबांना उठताच येईना. डावा पाय उचलेना. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, मणका गेलाय, उद्या इस्पितळात आणा, आणि टॅक्सीचं आता नाव काढू नका. त्याच दुपारी भावाने कडक पाटे उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाबांना मागच्या सीटवर आडवं करून आम्ही निघालो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परळला मोठा खड्डा आला, गाडी जराशी झुलली आणि पुढे गेली. बाबांनी डोळे उघडले.

"काय केलंस रे गाडीला?"

"जुनेच पाटे घातले, बाबा."

त्यांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अशी असती तर चालवली असती रे अजून."

भाऊ स्टिअरिंग धरून रडायला लागला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो बाबांचा. एकदा, फक्त एकदा तोंड उघडायचं होतं!