चौथीच्या बाकात अब्बा

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी चौथी नापास झालो. लहानपणी दिली तेव्हा रीतसर पास झालो होतो, खोटं कशाला बोलू? नापास झालो तो दुसऱ्या खेपेला. लातुरात, माझ्या पोटच्या पोरीसमोर!

अहमदपुरात आमची बेकरी. खारी, टोस्ट, नानकटाई. माल बरा निघाला की नाही हे मालकानं स्वतः खाऊन बघावं, अशी माझी शिस्त. ही शिस्त मी इतकी मन लावून पाळली, की शर्टाची खालची दोन बटणं कायमची रजेवर गेली. थोरली लेक रुक्सार त्या साली चौथीत होती. किल्लारीच्या भूकंपाला दीडेक वर्ष होऊन गेलं होतं. लोक परत घरात झोपायला लागले होते, पण रस्त्यानं जड ट्रक गेला तरी अख्खी गल्ली हातातलं टाकून बाहेर यायची. लातुरात मात्र तोवर क्लासचं पेव फुटलं होतं. दहावी-बारावीचे तर होतेच, आता पाचवीचेही निघाले होते.

"रुक्सारला पाचवीपासनं लातूरला ठेवू," आमच्या शमीमनं ठरवून टाकलं. शमीम म्हणजे माझी बायको. तिची बहीण लातुरात राहायची, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. "पण क्लासवाले आधी परीक्षा घेतात. पोरीची बी आणि बापाची बी."

"बापाची कशापायी?"

"घरी अभ्यास घेता येतो का, ते बघतात म्हणं."

"मग फिकीर नको! चौथीत असतंय काय असं?"

रुक्सार लगेच पुढं आली. "अपूर्णांक, परिमिती, दिशा, नकाशा, श्वसन..."

"सगळं येतंय मला," मी म्हणालो. (परिमिती हे मला तिच्या एखाद्या मैत्रिणीचं नाव वाटलं होतं.)

"थोडं वाचून जावा जी," शमीम म्हणाली.

"भट्टी सोडून चौथी वाचत बसू का?"

रविवारी सकाळी एसटीनं आम्ही बापलेक लातुरात उतरलो. क्लास म्हणजे एक लांबलचक पत्र्याचं शेड. भूकंपानंतर स्लॅबखाली पोरं बसवायला कुणी राजी नव्हतं, म्हणून छतही पत्र्याचं आणि भिंतीही पत्र्याच्याच. सर तरणेबांड, आवाज खणखणीत.

"प्रत्येक पालकानं आपल्या पाल्याशेजारी बसायचं!"

बाक लोखंडी, बसायची फळी, पाठीची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्याला जोडलेली. मधल्या जागेत दहा वर्षांचं पोरगं छान मावत होतं. आमच्या वाट्याला शेवटचा बाक आला, पाठीमागं पत्र्याची भिंत. मी तिरका झालो, एक रेटा दिला आणि शिरलो. पुढची फळी पोटात रुतली, मागची कमरेत. रुक्सारनं काळजीनं विचारलं, "अब्बा, बरं हाय ना?"

"एकदम आरामात," मी जमेल तेवढ्या आवाजात म्हणालो.

पेपर आला. पहिला प्रश्न बघून जीव भांड्यात पडला, कारण तो बिस्किटांचा होता! तीन डबे, प्रत्येकात बारा बिस्किटं, चार मुलांना सारखी वाटली तर एकाला किती? मी विचार केला. बारा बिस्किटांचा डबा कोण भरतं? आमच्याकडं माल वजनावर. शिवाय चार पोरांत सारखी वाटणी झालेली मी आजवर पाहिली नव्हती. प्रामाणिकपणे लिहिलं, 'मोठं पोरगं जास्त घेईल.' मग एका शेताची लांबी-रुंदी देऊन परिमिती विचारली होती. तिथं लिहिलं, 'तलाठ्यास विचारावे.' तिसरा प्रश्न दिशांचा. सकाळी सूर्याकडं तोंड केलं तर डावा हात कुठल्या दिशेला? आता मी सकाळी भट्टीकडं तोंड करून उभा असतो. अंदाज घ्यायला मी डावा हात वर केला.

"काय शंका हाय?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर, दिशा बघायलोय."

शेजारी रुक्सारनं कपाळाला हात लावला.

"पालकांनी आपले पेपर पुढं आणून द्यायचे!" सरांनी फर्मावलं.

सगळे उठले. मीही उठलो, पण माझ्याबरोबर बाकही उठला! परत बसलो. पुन्हा उठलो. पुन्हा बाक. मग मी छातीभर श्वास घेतला आणि जीव खाऊन हिसका दिला. बाकाची पाठ मागच्या पत्र्यावर आदळली. धडाड!

तो आवाज भिंतीवरून छतावर गेला आणि पूर्ण शेड थरथरलं.

"हादरा आला! पळा!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! धोतरवाले, पँटवाले, सगळे पालक दाराकडं धावले. एक वकीलसाहेब टाय सांभाळत खिडकीतून गेले. सगळ्यांच्या पुढं कोण, तर सर! आणि मी? मलाही खराच भूकंप वाटला. अंगाला घाम फुटला. किल्लारीकडच्या बातम्या ऐकलेला माणूस मी, मस्करी वाटण्याची सोयच नव्हती. "रुक्सार, तू पळ!" असं ओरडत मी सुटण्यासाठी धडपडू लागलो. जितका घाबरलो तितका जोरात हललो, आणि जितका हललो तितका पत्रा जास्त वाजला. भूकंप काही थांबेना!

तेवढ्यात बाकाखालून आवाज आला, "अब्बा, हलू नका! तुमी थांबला की भूकंप थांबतोय!"

मी थांबलो. भूकंपही थांबला.

खाली वाकून बघितलं, तर रुक्सार एका हातानं डोकं झाकून बसली होती. दुसऱ्या हातानं तिनं माझा पाय घट्ट धरला होता. शेडमधली बाकीची पोरंही आपापल्या बाकाखाली, डोक्यावर हात ठेवून गुमान बसलेली.

"पळाली का न्हाईस गं?"

"पळायचं नसतंय. बाईंनी शिकवलंय चौथीत. आणि तुमाला सोडून कशी जाऊ?"

पोट अजून फळीत अडकलेलंच होतं. मी परत छातीभर श्वास घेऊन जोर लावणार, तोच ती म्हणाली, "घेऊ नका, सोडा! श्वास घेतला की छाती फुगतीय. श्वसनाच्या धड्यात हाय."

मी फुस्सकन सगळा श्वास सोडला. तिनं ओढलं आणि मी बुचासारखा बाहेर आलो.

हळूहळू मोठी माणसं आत आली, कुणाच्या पायात एकच चप्पल, कुणाची टोपी गायब. सरांनी केस नीट केले, माझ्याकडं पाहिलं, वाकड्या झालेल्या बाकाकडं पाहिलं आणि काय घडलं ते ओळखलं. मग माझा पेपर उचलून वाचला. पहिल्या उत्तराला हसू दाबलं, तलाठ्यापाशी ते फुटलं.

"मुलगी आमची झाली," ते म्हणाले. "पण एक अट हाय. सुट्टीला घरी गेली की तिचा अभ्यास कोण घेणार?"

"मी हाय की सर!"

"तेवढं करू नका."

ती अट मी काटेकोर पाळली. रुक्सार पुढं चांगली शिकली, मोठ्या हुद्द्यावर गेली. लोक अजून विचारतात, पोरीच्या यशात तुमचा वाटा काय? मी ताठ मानेनं सांगतो, "मोठा वाटा हाय साहेब! मी तिला एक अक्षर शिकवलं न्हाई!"