बुजगावण्याच्या पोटातला टेप

दहावीच्या वर्षी गणपतीत मी वसमतला मामाकडं गेले आणि तिथल्या एका मंडळाच्या देखाव्यातल्या राक्षसाच्या प्रेमात पडले. म्हणजे त्याच्या पाठीच्या. पुढून तो लाल डोळे मिचकावायचा, मान फिरवायचा, गदा उचलायचा, आणि बायका लेकरांना पदराखाली घ्यायच्या. मी पडद्यामागं शिरले. मागून राक्षस पार उघडा. जीपच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि हळूहळू फिरणारा एक लाकडी रूळ. रुळावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. एक पट्टी तारेला टेकली की डोळे पेटायचे, दुसरी टेकली की मान हलायची. बाकी काही नाही. मंडळाच्या माणसानं मला हाकललं तोवर मला पाहिजे ते पाहून झालं होतं. आरती मात्र चुकली, आणि त्याबद्दल मामीनं वर्षभर ऐकवलं.

साखऱ्याला, आमच्या गावी, परतले ती डोक्यात खूळ घेऊनच. हिंगोलीच्या आयटीआयला जायचं, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं. आईनं माझ्यासाठी जवळच्याच गोरेगावचा शिवणक्लास ठरवून टाकला होता. आबा, म्हणजे माझे वडील, शेळ्यामेंढ्या राखायचे आणि जोडीला थोडी ज्वारी करायचे. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो तोंडातून निघायला फार वेळ लागायचा. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा कुठं तो निघाला.

"तुहं यंत्र पाखरं हाकलीन का? यंदाची ज्वारी राखून दाव. मंग जाय हिंगोलीला. न्हाई तर शिवणक्लास."

शिवणकामाशी माझं वैर नव्हतं. पण जन्मभर ब्लाउजला बाह्या लावत बसायचं मला नव्हतं.

मग मी राक्षस बांधायला घेतला. गोरेगावच्या गॅरेजवाल्याकडून वायपरची भंगार मोटर मिळवली. ती दर फेरीला अशी कण्हायची की ऐकणाऱ्यालाच दया यावी. डोक्याला मडकं, अंगात आबांचा जुना सदरा, डोळ्यांना लाल दिवे, पायाशी टीव्हीची बॅटरी आणि पोटात आमचा टेपरेकॉर्डर. रूळ फिरला की मान वळायची, डोळे चमकायचे आणि टेप ओरडायचा. ओरडायला आवाज आबांचाच घ्यायचा असं मी ठरवलं, कारण त्यांच्याइतका दांडगा गळा गावात दुसरा नव्हता.

टेपसमोर आबा नवरदेवासारखे लाजले. "काय म्हनू?"

"काही बी म्हणा, आबा. फक्त मोठ्यानं."

त्यांनी कानावर हात ठेवला आणि आयुष्यभर जी एकच गोष्ट मोठ्यानं म्हटली होती तीच म्हटली, "हेऽऽ याऽ याऽ हुर्र्र!" पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. घसा बसायला लागला तेव्हा मी म्हणाले, "बास, आबा, झालं. पाणी प्या." आणि बटण दाबलं.

ही हाक कुणासाठी असते, हे आमच्या घरात रांगणाऱ्या लेकरालासुद्धा ठाऊक होतं. माझ्या मात्र त्या वेळी ध्यानातच आलं नाही. डोकं सगळं रुळावरच्या पट्ट्यांत होतं.

शेतात राक्षस उभा केला त्या दुपारी निम्मं गाव बांधावर गोळा झालं. आमच्याकडं जे काही हलतं त्याच्यापुढं नारळ फुटतो, तसा इथंही फुटला. एका म्हातारीनं तर मडक्याला हळदकुंकू वाहिलं. मी बॅटरी जोडली. मान फिरली, डोळे चमकले आणि आबांची हाक शिवारभर घुमली. पाखरं भुर्रकन उडाली. एक थोराड पोपट तेवढा मडक्यावर येऊन बसला आणि मानेबरोबर फिरत राहिला. त्याच्याकडं मी दुर्लक्ष केलं.

आई त्या दिवशी कळप घेऊन ओढ्यापलीकडच्या माळावर होती. तिकडून आधी घंट्या ऐकू आल्या, मग धूळ दिसली आणि मग सगळा कळपच. मालकानं भरदुपारी बोलावलं म्हणजे काहीतरी खास असणार, अशा उमेदीनं शेळ्या पुढं, मेंढ्या मागं, आणि सगळ्यात शेवटी चप्पल हातात घेऊन शिव्या देत पळणारी आई. कळप सरळ ज्वारीत घुसला. शेळ्या राक्षसाभोवती गोल करून उभ्या राहिल्या आणि वाट बघता बघता जेवायला लागल्या. आबा त्यांना हाकलायला ओरडत धावले तशा त्या आणखी जवळ आल्या. बांधावरचं गाव हसून हसून खाली बसलं.

त्या संध्याकाळी मी ताटाला हात लावला नाही. शिवणयंत्राची खडखड मला आत्ताच ऐकू यायला लागली होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, सगळ्यात जास्त त्या पोपटाचा. आबा निवांत जेवले, हात धुतले, सुपारी कातरली.

"काहून रडून राहिली?"

"ज्वारी गेली, आबा."

"गेली तर. निम्मी गेली." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "हे यंत्र हितं राह्यलं तर माही ज्वारी राहत न्हाई. आन तू हितं राह्यली तर पुढल्या साली ते चालाया बी लागंन. त्यापरीस तू हिंगोलीलाच जाय."

आईनं कपाळावर हात मारला. मी मात्र ते ऐकून जास्तच मोठ्यानं रडले.

आयटीआयला लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी घरी आले, तर राक्षस शेतातून उठून शेळ्यामेंढ्यांच्या वाडग्याच्या तोंडाशी आलेला. मडकं फुटलेलं, मोटर गंजलेली. पोटातला टेप मात्र ठणठणीत. दिवस कलताना आबा बाजेवर बसून बटण दाबायचे, हाक माळावर जायची आणि कळप आपला आपण घरी यायचा. आता गळ्याला तकलीफ न्हाई, असं ते म्हणाले.

शेळ्या आत आल्या, रवंथ करायला लागल्या. आबा टेप बंद करेनात.

"आबा, आल्या की सगळ्या. बंद करा, सेल उतरतात."

"थांब जरा."

"रोज असंच करत्यात," आई चुलीपासून म्हणाली.

हाक संपली. थोडी खरखर झाली. मग टेपमधून माझा आवाज आला, "बास, आबा, झालं. पाणी प्या."

आबांनी बटण दाबलं, बाजेखालचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायले.