कॉर्नेलिस सरांचं खर्जातलं गाणं

कॉर्नेलिस सरांना आता एवढंच हवं होतं: आपलं शेवटचं गाणं माणसांच्या गळ्यातून एकदा कानावर पडावं. पियानोवर ते रोज वाजवायचे, पण पियानोला श्वास कुठे असतो, म्हणायचे. घाई कानांची होती. कान वरून झिजत चालले होते. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकांचं बोलणं. शामला बोलली की ते तिच्या ओठांकडे बघून अंदाज बांधत. खालचे, जड आवाज तेवढे अजून येत होते.

शामला त्यांची शाळेतली जुनी सहकारी. सर पियानो शिकवायचे, ही पेटी. माहेर पुण्याचं, नवरा देवेंद्र बँकेत, बिऱ्हाड कुवेतमधल्या महबूल्यात. "म्हाताऱ्याला एवढं काय डोक्यावर घेतेस?" असं देवेंद्र म्हणाला की ती उखडायची. उखडणारच. या गावात सुरांबद्दल बोलायला तिला दुसरं होतं कोण?

सर हॉलंडमधल्या एका सुताराच्या घरचे. लहानपणी दुसऱ्या महायुद्धातल्या उपाशी हिवाळ्यात सुताराच्याच घरात जाळायला लाकूड उरलं नव्हतं, म्हणून आई पोराला घेऊन चर्चमध्ये बसायची. तिथे ऑर्गनची सगळ्यात जाड नळी वाजली की पोरगं भूक विसरायचं. पुढे रीतसर संगीत शिकले आणि तिथेच बिनसलं. सुरांवर सुरांचे मजले चढवायला लागले. "हुशारी फार, गाणं कमी," असं ते स्वतःच सांगायचे. एकही रचना कुणी दुसऱ्यांदा वाजवली नाही. बायको गेली, चाळिशी उलटली, तेव्हा शिकवायची नोकरी धरून कुवेतला आले. इराकच्या लढाईत सगळे पळाले तसे तेही गेले, आणि परत आले.

परत आले ते एका गाण्यापायी. समुद्राकाठच्या एका दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांनी मोती काढणाऱ्या खलाशांची गाणी ऐकली होती. एकजण गातोय आणि बाकीचे म्हातारे बेंबीच्या देठापासून एकच खालचा सूर धरून बसलेत. त्या दिवशी घरी येऊन सरांनी आपले सगळे जुने कागद बांधून टाकले. त्यानंतर लिहिलं ते कमीकमी सुरांत. शेवटचं गाणं तर चारच सुरांचं, पुरुषांच्या खर्जातलं, शब्दही नाहीत.

आता त्यांचा इकामा वाढेना. राहायचा परवानाच नाही म्हटल्यावर भाचीने हॉलंडचं तिकीट काढलं. शामला म्हणाली, "सर, जायच्या आधी मी बसवते तुमचं गाणं."

बसवते म्हणाली खरी, पण गळे कुणाचे? इथल्या मराठी मंडळातल्या पुरुषांचे. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एक मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्यात. यांचं सगळं गाणं गणपतीच्या आरतीत घडलेलं, आवाज चढवायचा एवढंच ठाऊक. खर्जात नुसती हवा यायची. "शामलाताई, हे गाणं आहे की ढेकर?" त्यांच्यातल्या नीरजने विचारलं, आणि सगळे खिदळले.

मग तिने आपल्यापैकी कुणीही केलं असतं तेच केलं. पट्टी बदलली. आपल्याकडे सा गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तिथे धरायचा, त्यात विचारायचं काय? सूर चांगला वर नेला, जोडीला बायका घेतल्या. आणि काय सांगावं, गाणं असं उजळलं की देवेंद्रसुद्धा डोळे पुसायला लागला. सरांना कळवावं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवारी दुपारी सगळे सरांच्या दस्मान भागातल्या फ्लॅटवर जमले. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, बॅगा भरून ठेवलेल्या. सर कोट घालून बसले होते, खुर्ची अगदी पुढे ओढून. शामलाने हात वर केला तसे त्यांनी डोळे मिटले.

इतकं सुरेल हे लोक कधीच गायले नव्हते. गाणं संपल्यावर कुणाला टाळी वाजवायचंही सुचेना. सरांनी थोड्या वेळाने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "करायची का सुरुवात?"

शामलाच्या आत्ता लक्षात आलं. जिथे त्यांना ऐकू येत होतं तिथून तिनेच गाणं उचलून वर नेलं होतं. "खाली, सगळे खाली घ्या," ती पुरुषांना म्हणाली. बिचाऱ्यांनी जीव तोडून प्रयत्न केला, पण पुन्हा नुसती हवा. मग ती सरांच्या शेजारी बसून स्वतःच गायला लागली. खाली, अजून खाली. बाईचा गळा तो, एका जागी संपला. तिला रडू आवरेना.

सर तिच्या ओठांकडे बघत होते. बघता बघता त्यांना कळलं.

"गाऊन झालं का सगळं?" त्यांनी विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"छान झालं असणार," सर म्हणाले, आणि एकेकाचे आभार मानायला उठले.