मांडवाखालून तळीपर्यंत

चित्र गेलं दसऱ्याच्या तीन दिवस आधी. कॅमेरा चालू, वीज चालू, सगळे दिवे हिरवे, आणि देवळाच्या ऑफिसातल्या पडद्यावर नुसता काळोख. रखवालदार काकांचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या दुकानात भाजी-पाव खात होते, अर्धा पाव तसाच टाकून स्कूटर काढली. पेडण्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच, उंदरांनी वायर कुरतडली असणार. मग आठवलं, वायरच नाही! वायर नको म्हणून तर मी दुकानाच्या शेटशी भांडले होते.

आधीचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही. डिप्लोमा झाल्यावर मी कॅमेरे बसवणाऱ्या दुकानात लागले आणि हे माझं एकटीचं पहिलं काम. देऊळ आजोळच्या गावातलं. ऑफिस वर, तळी, म्हणजे देवळाचं पायऱ्यांचं तळं, खाली उतरणीला, मध्ये भलं मोठं आंगण, अंतर दोनशे मीटरच्या वर. मागच्या दसऱ्याला गर्दीत एक पाच वर्षांची मुलगी तळीच्या पायरीवरून घसरली. पाय धुवायला आलेल्या एका बाईने केसाला धरून वर ओढली म्हणून वाचली. त्या वेळी काका ऑफिसात फुलांच्या पाट्या उतरवून घेत होते. काका दोडामार्गकडचे, गुडघे गेलेले, जन्म सगळा ह्याच देवळात काढलेला. त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना लागलं. समितीला त्यांनी सांगून टाकलं, ह्या दसऱ्याला ऑफिसातून तळी दिसली नाही तर चाव्या ठेवून गावी जाणार.

म्हणजे कॅमेरा कुठला घ्यायचा हा प्रश्नच नव्हता, कॅमेरे ढीगभर मिळतात. तळीवरचं चित्र वर आणायचं कसं, हा प्रश्न. कॉम्प्युटरची साधी केबल शंभर मीटरला मान टाकते. टीव्हीची जाड केबल जाते लांब, पण चित्राला मुंग्या येतात, शिवाय तांब्याची तार म्हणजे गडगडाटात विजेला आमंत्रण. शेट म्हणाले फायबर घाल, काचेचा धागा, त्यातून उजेड जातो, विजेला त्यात काही मिळत नाही. पण फायबर न्यायचं कुठून? आंगणावरून तार नेता येत नाही. दसऱ्याला तरंगं निघतात, साड्या नेसवलेले देवांचे उंच खांब, आणि देवाच्या माथ्यावरून तार जाणं कोणालाच चालत नाही. जमीन खणायची तर देवाचा कौल घ्यावा लागणार. मी म्हटलं हे सगळं कशाला, बिनतारी लावू! एक डबा ऑफिसच्या छपरावर, एक तळीच्या दिव्याच्या खांबावर, दोघांनी एकमेकांना बघायचं, बस्स. श्रावणात लावलं. काय चित्र आलं सांगू, पायरीवरचं शेवाळ मोजता येईल असं! मी त्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला, शेटना दोनदा.

आणि आता तीन दिवस राहिले असताना स्कूटर लावली, वर बघितलं, तर आंगणभर मांडव. पत्र्याचा. पाऊस अजून गेलेला नसतो म्हणून दरवर्षी पत्र्याचाच घालतात. माझे दोन डबे पत्र्याच्या दोन बाजूंना, आंधळ्यासारखे. खरं सांगते, बाहेरच्या कोणाकडून ही चूक झाली असती तर समजण्यासारखं होतं. मी लहानपणापासून दर दसऱ्याला त्याच मांडवाखाली उभी राहून तरंगं बघितलीत. जागा बघायला आले तेव्हा मात्र आंगण मोकळं होतं आणि मी फक्त मोकळं आंगण बघितलं.

काका दारात उभे होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गो चेडवा, तुझा चित्र खय गेला?"

मी मांडवाकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "मांडव काय आज आयलो?"

मग माझी नुसती धावपळ. डबा उंच चढवू म्हटलं तर तळी पडली खाली, पत्र्यावरून तिथे नजर पोचायला खांब शिखराएवढा लागणार, ते कोण करू देईल! शेटना फोन केला, ते हसले नाहीत, दुपारच्या बसने फायबर पाठवलं, दोन्ही टोकं आधीच बसवलेली तयार केबल, लांबी मीच मोजून सांगितली, ह्या वेळी दोनदा. संध्याकाळी समितीने कौल लावला. देवाला ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. खणू का म्हणून विचारलं. आम्ही सगळे हात जोडून उभे.

डावी पडली.

अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, बाय, आता पुढच्या वर्षी बघू. मी काकांकडे बघितलंच नाही. ते खाली बसले होते, गुडघा चोळत, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले की खणायला नको म्हणतो देव, पण पावसाचं पाणी जातं त्या वाटेने गेलं तर? आंगणाखालून चिऱ्यांनी झाकलेलं जुनं गटार आहे, ऑफिसच्या मागून निघून तळीच्या बाजूला कुळागरात, नारळी-पोफळीच्या बागेत, उतरतं. दर मे महिन्यात काकाच साफ करतात. अध्यक्ष विचारात पडले, ह्यालाही कौल लावायचा की काय. काका म्हणाले, "पाणी जाताना खय इचारून जाता?" आणि पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एका सोललेल्या नारळाला काथ्याची लांब दोरी बांधली, नारळ गटाराच्या वरच्या तोंडात सोडला आणि मला पाणी ओतायला लावून ते खालच्या तोंडाशी गेले. कळशीवर कळशी. मे महिन्यात ते असंच करतात, नारळ दोरी घेऊन खाली जातो, मग दोरीला झाडू बांधून ओढायचं. मी झाडूच्या जागी पाइप बांधला, पाइपात फायबर. मध्ये दोनदा अडकला, दोन्ही वेळा मला वाटलं संपलं. मग खालून काकांची हाक आली, नारळ आला म्हणून, आणि मी हातातली कळशी माझ्याच पायावर ओतली.

दोन टोकांना दोन छोटे डबे, खालचा चित्राचा उजेड करणारा, वरचा उजेडाचं परत चित्र करणारा. बटण दाबलं. तळी आली.

दसऱ्याला काका सकाळी पडद्यासमोर बसले. अर्धा तास पापणी हलली नाही. मी मागे उभी, सारखी डब्यावरचे दिवे बघत. गर्दी वाढायला लागली तसे ते उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली, मोबाईल दाखवला आणि कोण पायरीच्या कडेला गेलं तर फोन कर म्हणून सांगून खाली निघाले. एक एक पायरी, कठड्याला धरून. मी म्हटलं काका, अहो, आता इथूनच दिसतं ना सगळं! ते थांबले नाहीत.

थोड्या वेळाने पडद्यावर दिसले, बरोबर मधल्या पायरीवर, कॅमेऱ्याकडे पाठ, दोन्ही हात पसरून पोरांना मागे लोटताना. अर्धी तळी त्यांच्या सदऱ्याने झाकलेली. मी फोन लावला, काका, जरा डावीकडे व्हा, मागच्या पायऱ्या दिसत नाहीत.

"मी दिसतंय मां तुका?"

दिसताय, म्हटलं.

"मगे तू मागच्या पायऱ्यो बघ," म्हणाले, आणि दोन पावलं सरकले.